गुण आणि त्याचा आश्रय

गुण हा द्रव्याच्या आश्रयाने राहतो, असे वैशेषिक दर्शन सांगते. परंतु ज्या सामर्थ्यावरून एखाद्या द्रव्याला नाव मिळाले ते सामर्थ्यच जर अन्यत्र वास करीत असेल, तर त्या नावावर त्याचा हक्क कितपत उरतो, हा प्रश्न गेल्या शतकाच्या अखेरीस, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट गाठू पाहणाऱ्या लिनक्सच्या उपासकापुढे, मोडेम विकत घेण्याच्या अगदी व्यावहारिक निमित्ताने उभा राहिला.

अंकांचा ध्वनी व ध्वनीचे अंक करणे हे मोडेमचे विहित कर्म. पण स्वस्त म्हणून खपणाऱ्या ‘विनमोडेम’ कार्डावर तारेशी सांधा जुळविण्यापुरतीच सामग्री असे, आणि रूपांतराचे बहुतेक गणित विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून करवून घेई. त्या प्रोग्रामची संहिता कंपनीच्या दप्तरात बंद असल्यामुळे लिनक्सला कार्ड दिसे, मात्र त्याच्याशी बोलावे काय हे उमगत नसे. उलट सीरियल पोर्टला जोडलेल्या बाहेरच्या मोडेमला ‘एटीझेड’ एवढी अक्षरे धाडली की ‘ओके’ असा जबाब येई, आणि ‘एटीडीटी’पुढे क्रमांक लिहिला की तो डायल होऊन ती सुप्रसिद्ध खरखर सुरू होई. 1981 च्या हेज स्मार्टमोडेमपासून रूढ झालेली ही आज्ञावली कोणाच्याही परवानगीवाचून वापरता येत असे.

यावरून खरा मोडेम धातूचा आणि खोटा प्रोग्रामचा, असा निवाडा देण्याचा मोह होतो. तो मला मान्य नाही. बाहेरच्या पेटीतही एक लहानसा प्रोसेसर असतो व तोही आत साठविलेल्या प्रोग्रामच्याच हुकमाची तामिली करतो. इतकेच नव्हे, तर कित्येक मोडेमांतला हा प्रोग्राम बदलून त्यांना 1998 च्या व्ही.90 प्रमाणाची, म्हणजे 56 किलोबिटांची दीक्षा देता आली. तेव्हा आश्रय दोहोंकडे प्रोग्रामचाच. भेद आहे तो एवढाच की एकाच्या उंबरठ्यावरची भाषा सर्वांना खुली, तर दुसऱ्याची एकाच मुखत्याराला ठाऊक. काही विनमोडेमांसाठी पुढे लिनक्सचे ड्रायव्हर निघाले खरे, पण त्यांचा गाभा सीलबंदच राहिल्यामुळे लिनक्सचे मूळ अंग असलेला कर्नल बदलला की ते निकामी होण्याची धास्ती कायम राहिली.

जाणते ग्राहक म्हणूनच खोक्यावरच्या विशेषणांकडे दुर्लक्ष करून डॉसचा उल्लेख शोधीत. कारण जो मोडेम विंडोजच्या मदतीवाचून नुसत्या डॉसवर चालतो, तो आपले काम बहुधा स्वतःच करतो.