कर्ता एक, भोक्ता दुसरा

कर्म करणाऱ्यानेंच त्याचें फळ भोगावें, हा न्याय आपल्या मनांत इतका खोल रुजलेला आहे कीं त्याच्याविरुद्ध कांहीं घडलेलें दिसलें, तर आपण पूर्वजन्माचा आधार घेतों, पण तो न्याय सोडीत नाहीं. परंतु अन्न, पाणी व हवा ह्यांच्या द्वारां शरीरांत शिरून जनुकांत बदल घडविणारीं जीं द्रव्यें आहेत, ज्यांस शास्त्रज्ञ उत्परिवर्तक म्हणतात, त्यांच्या बाबतींत हा न्याय लावावा कसा, हा प्रश्न जुन्या नीतिशास्त्रापुढें कधीं आलाच नव्हता. विष घालणारा व विष घेणारा ह्यांची गांठ घालून देतां येते. येथें तसें नाहीं. द्रव्य बनविणारा एका गांवीं, तें खाणारा दुसऱ्या गांवीं, आणि विकार प्रकट व्हावयाचा तो वीस-तीस वर्षांनीं, कीं ज्या वेळीं खाणाऱ्यालाही आपण काय खाल्लें होतें ह्याची आठवण उरलेली नसते.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. १९२७ सालीं हर्मन मुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या संततींत नवीं उत्परिवर्तनें घडवितां येतात हें दाखविलें. रसायनांच्या अंगींही हें सामर्थ्य आहे, हें जर्मनींतून परागंदा झालेल्या शार्लट आउरबाख ह्या विदुषीनें सहकाऱ्यांसह दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एडिनबरो येथें मस्टर्ड वायूवर प्रयोग करून सिद्ध केलें. युद्धकालीन गुप्ततेमुळें त्या शोधाची सविस्तर हकीगत प्रसिद्ध होण्यास १९४६ साल उजाडावें लागलें. अशा द्रव्यानें डीएनएच्या लांबलचक लेखांतील एखादें अक्षर बदलतें. पेशी बहुधा तें दुरुस्त करते. पण दुरुस्तीपूर्वीं तिचें विभाजन झालें तर चूक कायम होते. शरीराच्या सामान्य पेशींत अशा कित्येक चुका सांचल्या म्हणजे कर्करोगाचें बीज पडूं शकतें. चूक प्रजननपेशींत असेल तर ती संततीकडे जाऊं शकते.

आतां उत्परिवर्तन म्हणजे केवळ अनिष्ट, असेंही नव्हे. सजीव सृष्टींतील वैचित्र्य मुळांत त्याच्याच पोटीं जन्मलें आहे, आणि मनुष्यानें त्याचा उपयोगही करून घेतला आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें किरणांच्या साहाय्यानें घडविलेल्या उत्परिवर्तनांपासून भुईमुगाच्या ज्या जाती सिद्ध केल्या, त्यांपैकीं टीएजी-२४ ही महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. जी शक्ति रोग देते तीच जर पीकही देते, तर तिला भिण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर शेतांतच आहे. किरण दिलेल्या बियाण्याच्या वंशांत पुष्कळ रोपें खुरटीं वा वांझ निघतात आणि बहुतेकांत कामाचें कांहींच नसतें. संशोधक तीं टाकून देतो व क्वचित् हातीं लागलेलें एखादें चांगलें रोप जतन करितो. ह्या टाकून देण्यांतच त्या पद्धतीचें सारें यश आहे. मनुष्याच्या समाजांत टाकून देण्याजोगें रोप नसतें. येथें खुरटलेलें प्रत्येक रोप म्हणजे कोणाचें तरी मूल, कोणाची तरी आई. म्हणून शेतांत जी विद्या ठरते, तीच माणसांवर त्यांच्या नकळत चालविली तर अपराध ठरते.

जपानांतील एक उदाहरण येथें विचार करण्यासारखें आहे. टोफू, माशांचे सॉसेज इत्यादि पदार्थ टिकावेत म्हणून एएफ-२ नांवाचें द्रव्य तेथें १९६५ पासून सरकारी अनुज्ञेनें वापरण्यांत येई. प्राण्यांवरील आरंभींच्या प्रयोगांत त्यापासून कर्करोग झालेला दिसला नव्हता. पुढें जंतूंवर परीक्षा करितां तें प्रबळ उत्परिवर्तक असल्याचें आढळलें व १९७४ सालीं त्यावर बंदी आली. नंतर प्राण्यांतही त्यानें कर्करोग उत्पन्न केला. मधल्या नऊ वर्षांत तें द्रव्य घरोघर खाण्यांत गेलें. त्यामुळें अमक्याच मनुष्याला रोग जडला, असें कोणालाही सांगतां येणार नाहीं. कारण रोगावर कर्त्याची मुद्रा बहुधा उमटलेली नसते. कायद्याच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास दोषही कोणाचा नाहीं. अनुज्ञा होती, प्रयोग झाले होते, आणि अन्न नासूं नये हा हेतुही वाईट नव्हता.

यावर असा आक्षेप येईल कीं, उत्परिवर्तकांचा सर्वांत मोठा कारखाना निसर्गच चालवितो. बुरशी आलेल्या भुईमुगांत व मक्यांत जें अफ्लाटॉक्सिन असतें तें कोणीं मुद्दाम घातलेलें नसतें. विस्तवावर करपलेल्या माशांतही असलीं द्रव्यें आढळतात, हें जपानच्याच ताकाशी सुगिमुरा ह्यांनीं १९७७ च्या सुमारास दाखविलें. मग कारखानदारालाच बोल कां? आक्षेपांतील वस्तुस्थिति खरी आहे. नैसर्गिक तें निर्दोष, ही समजूत सोडलीच पाहिजे. परंतु निसर्गाला कर्तव्य नसतें, मनुष्याला असतें. आणि करपलेला मासा ज्याचा त्यानें पाहून खाल्लेला असतो. डब्यांतील अदृश्य द्रव्य दुसऱ्यानें आपल्या लाभासाठीं त्याच्या पानांत वाढलेलें असतें.

भयाचें अतिरंजित चित्र काढणेंही योग्य नव्हे. हिरोशिमा व नागासाकी येथें १९४५ च्या स्फोटांतून वांचलेल्या लोकांच्या पुढें जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला असून, त्यांत आनुवंशिक विकारांची निश्चित वाढ दिसून आलेली नाहीं. भोगणाऱ्या पिढीच्या देहांत मात्र कर्करोगाचें प्रमाण वाढलें, हें निःसंशय.

तेव्हां खरा प्रश्न शास्त्राचा नसून न्यायाचा आहे. समजा, एखाद्या द्रव्यामुळें दहा लाखांत दहा माणसें अधिक आजारी पडतात. तीं दहा कोण, हें त्यांना स्वतःलाही कळत नाहीं. म्हणून तीं तक्रार करीत नाहींत, न्यायालयांत जात नाहींत, आणि आपण म्हणतों कीं कोणाचेंच नुकसान झालें नाहीं. पण नांव सांगतां येत नाहीं म्हणून माणूस नाहींसा होत नाहीं. जेथें पीडित पुढें येऊन बोलूं शकत नाहीं, तेथें त्याच्या वतीनें आधींच विचारण्याचा भार समाजावर पडतो. आणि निर्दोषतेचा पुरावा खाणाऱ्यानें नव्हे, तर वाढणाऱ्यानेंच दिला पाहिजे. कर्ता व भोक्ता जितके एकमेकांपासून दूर, तितकी कर्त्याची जबाबदारी अधिक, असाच नियम यापुढें मानावा लागेल.