मंडळीची निवड

ख्रिस्ताकडे ज्याचें मन नव्यानें ओढलें आहे, त्याच्यापुढें लवकरच एक प्रश्न उभा राहतो: मीं कोणत्या मंडळींत जावें? जन्मानें ख्रिस्ती असलेल्याच्या बाबतींत हा निर्णय वाडवडिलांनींच करून ठेवलेला असतो. नवागताला मात्र एका रस्त्यावर रोमन, दुसऱ्यावर मेथडिस्ट, तिसऱ्यावर आणखी कोणा पंथाचें उपासनामंदिर दिसतें. आणि ख्रिस्त एकच, असें तर सर्वत्र सांगण्यांत येतें.

कोणी म्हणतील, ज्या मंडळीचीं मतें पटतील ती निवडावी. पण मतें पारखण्याइतकें ज्ञान ज्याला आहे, तो नवागत कसला? बरें, न पारखतां शरण जावें, तर ज्या स्वतंत्र बुद्धीनें त्याला वडिलार्जित धर्माचा उंबरठा ओलांडावयास लावलें, तिचाच बळी पहिल्या दिवशीं द्यावा लागतो.

पंडिता रमाबाईंना हा पेंच लवकरच पडला. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन मंडळींत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें मतांविषयीं वाद निघाला, तेव्हां एका पुरोहितवर्गाचें जूं महत्प्रयासानें झुगारल्यावर दुसऱ्याचें मानेवर घेण्यास त्यांनीं साफ नकार दिला. नारायण वामन टिळक १८९५ सालीं अमेरिकन मिशनच्या मंडळींत आले. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा होती.

मग मंडळी हवीच कशाला, असें कोणी विचारील. परंतु रमाबाईंनीं केडगांवास शेंकडों निराधार स्त्रिया व मुलें जवळ केलीं, टिळकांनीं दरबार भरविला. पंथाचें बंधन दोघांनाही जाचलें. एकटें राहणें मात्र दोघांनींही पत्करलें नाहीं. एकट्याची श्रद्धा आपल्याच लहरीला देवाची आज्ञा समजूं लागते. पंथांचे सर्वच भेद अनुल्लंघनीय नसतात, हेंही १९७० सालीं नागपुरास दिसलें. सहा मंडळ्या एक होऊन तेथें चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली.

तेव्हां नवागतानें दोन गोष्टी पाहाव्या. येथें शंका निर्भयपणें बोलतां येते काय? आणि आपलें चुकल्यास हटकील, व ज्याचें आपण ऐकूं, असा कोणी येथें आहे काय? पहिलीवांचून दुसरी म्हणजे दास्य. दुसरीवांचून पहिली म्हणजे नुसती वादसभा. निवडीचा अधिकार त्याचा आहे. निवडल्यानंतर मंडळीलाही त्याला पारखण्याचा तितकाच अधिकार आहे, हें मनांत धरूनच त्यानें आंत पाऊल टाकावें.