घुंगरांमागचा मेंदू

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावपासून लांबलांबच्या गावांचे यात्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. बोलणी होतात ती पैशांची, तारखेची, गाण्यांची. ढोलकीला तोडीस तोड उत्तर देणाऱ्या पायांनाही डोकं लागतं, हे कुणाच्या मनात येत नाही. नाचणं अंगाचं काम, विचार डोक्याचं, अशी आपली वाटणी. जातीच्या उतरंडीला ती सोयीचीच होती.

मेंदू ही वाटणी मानत नाही. कवटीच्या मागच्या तळाशी, प्रमस्तिष्काखाली (मोठ्या मेंदूखाली) अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू असतो. वजन जेमतेम १५० ग्रॅम, सगळ्या मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा. पण २००९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी पेशी मोजल्या, तेव्हा ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज इथेच निघाल्या.

एवढ्या पेशी करतात काय? हालचालीचा हुकूम प्रमस्तिष्क सोडतं. त्याची एक प्रत मस्तिष्कस्तंभातल्या सेतूमार्गे अनुमस्तिष्काकडे जाते. पाय खरोखर कुठे आहे याची खबर मज्जारज्जूतून येते. दोन्हींत फरक पडला की चूक झाल्याचा इशारा अनुमस्तिष्कातल्या पुर्किंजे पेशींना मिळतो आणि पुढच्या वेळचा अंदाज सुधारतो. गंमत म्हणजे या पेशी पुढे फक्त ‘थांब’ एवढंच सांगतात; नको ते छाटत छाटत हालचाल नेमकी होते. द्रुत लयीत पायाची खबर वर पोचून नवा हुकूम सुटेस्तोवर ठोका निघून गेलेला असतो. तिथे आधीच बांधलेला अंदाजच कामी येतो, आणि तो रियाजाखेरीज येत नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी अनुमस्तिष्काला गोळी लागलेले सैनिक तपासले. त्यांना अर्धांग झालं नव्हतं. पण हात वस्तूच्या पुढे जाई, नाहीतर अलीकडेच थांबे. पंजा भराभर उलटसुलट करणं जमेना. ढोलकीवाल्याचा सगळा धंदा असल्याच हालचालींवर चालतो.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. लोक त्यात धैर्य पाहतात, ते होतंच. मला त्यात मुरलेली विद्याही दिसते. पाय असे तयार झाले की प्रमस्तिष्क मोकळं होतं: समोरची गर्दी जोखायला, सोंगाड्याला हजरजबाबी उत्तर द्यायला. या विद्येला १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदक मिळालं, तरी २००२ साली विठाबाई गेल्या त्या हलाखीतच. पदक दिलं की देणं फिटलं, असं आपण मानतो.

पुढच्या पाडव्याला कमिटीवाल्यांनी एवढं करावं: सिनेमाच्या फर्माइशी कमी करून ढोलकी-घुंगरांच्या जुगलबंदीला वेळ ठेवावा, आणि त्या वेळेचे पैसे कापू नयेत.