मागणाऱ्याची माती

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात समुद्राकडे जायला २०२४ पासून नवा महामार्ग झाला आहे. वाहाका शहरातून निघालं की तीनेक तासांत पुएर्तो एस्कोंदिदो. पूर्वी डोंगरातल्या वळणांवर याच्या दुप्पट वेळ जायचा. पुढे किनाऱ्याने गेलं की मासुंतेची कासवं आणि वातुल्कोचे उपसागर. सगळं सुंदरच आहे. तरी तिकडे निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, थोडी वाट वाकडी करून डोंगरातल्या हुकीलाला जा.

तिथली मारियामाता जेमतेम फूटभर उंचीची आहे. एका डॉमिनिकन साधूने ती आपल्या चातिनो या तिथल्या आदिवासी जमातीतल्या सेवकाला दिली, आणि आमिआल्तेपेक गावातल्या त्याच्या झोपडीत लोक तिच्या दर्शनाला येऊ लागले. १६३३ मध्ये गावाला आग लागली, सगळं जळालं, मूर्ती तेवढी राहिली. धुराने ती काळवंडली आणि चातिनो लोकांना ती आपल्याच वर्णाची वाटू लागली, असं सांगतात. पुढे ती हुकीलाला आली. आठ डिसेंबरच्या उत्सवाला माणसं पायी येतात, सायकलींवर येतात.

पण मला सांगायचंय ते हुकीलाच्या अलीकडच्या एल पेदिमेंतो या जागेबद्दल. इथे भाविक खाली बसतात, ओली माती घेतात आणि हवं ते घडवतात. घर, गाय, ट्रक, तान्हं मूल. आता तयार वस्तूही विकत मिळतात, पण माती मळणारे अजून आहेत. मी गेले तेव्हा एक जोडपं घर करत होतं. नवऱ्याने दोन खोल्या केल्या. बायकोने बोटाने एक भिंत मोडली आणि स्वयंपाकघर मोठं केलं. मग बराच वेळ दोघं जिन्यावर बोलत होती.

आमच्या घरी मागण्याला मान नव्हता. वडील म्हणायचे, देवाकडे मागणं म्हणजे व्यवहार. भक्ती निष्काम हवी. आई ऐकून घ्यायची आणि सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचं बाळ वाहून यायची, माझ्या मावशीसाठी. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत. त्यात दुःखाने पोळलेला आहे, काही हवं असलेलाही आहे. ज्ञानी सर्वांत प्रिय, हे खरं. पण कृष्ण या चौघांनाही थोरच म्हणतो. वडिलांचा अध्याय पाठ होता. ही जागा ते भरभर म्हणून पुढे जायचे.

मला वाटतं, निष्काम होणं पोट भरलेल्याला सोपं जातं. ज्याच्या डोक्यावर पत्रा गळतो त्याने इच्छा सोडावी, हे सांगायचा अधिकार मला नाही. आणि मागणं म्हणजे नुसता हावरेपणाही नव्हे. मनात "सुख दे" म्हणता येतं. मातीत सुख घडवता येत नाही. खोल्या किती, गाय की ट्रक, हे ठरवावं लागतं. आपल्याला नेमकं काय कमी आहे ते दुसऱ्यासमोर, उघड्यावर, हाताने मांडावं लागतं. मेणाचं बाळ विकत मिळतं. मातीचं करायचं तर त्याचं नाक कसं असेल याचा विचार करावा लागतो. याला मी प्रार्थनाच म्हणते, आणि शांत बसून केलेल्या ध्यानापेक्षा तिला कमी लेखायला मी तयार नाही.

खरी अडचण पुढेच आहे. एकाला घर मिळतं, दुसऱ्याला नाही. मग मातेने निवड केली असं म्हणायचं का? तसं असेल तर ती अन्यायी ठरते. तिने काहीच केलं नाही म्हणावं, तर आभार मानायला परत येणाऱ्यांची ती एवढी गर्दी कशासाठी? मावशीला मूल झालं नाही. तरी आई तिला घेऊन मोतमावलीच्या जात्रेला जातच राहिली. वडिलांनी एकदा विचारलं, "आता कशाला?" आई म्हणाली, "तिला माहीत आहे ना आमचं. दुसऱ्या कुणाला पहिल्यापासून सांगत बसू?"

वडिलांच्या तत्त्वज्ञानात या वाक्याला जागा नव्हती. हुकीलाच्या त्या उतारावर, पावसाने अर्धी विरघळलेली घरं आणि त्यांच्या शेजारी नवी मळली जाणारी घरं बघताना, मला ते पूर्ण पटलं.