राजाचा पंथ, रयतेचा घोर

सांगली, मिरज आणि कुपवाड आज एकाच महानगरपालिकेत आहेत. त्यातल्या मिरजेच्या किल्ल्यात सोळाव्या शतकात विजापूरचा शहजादा अली नजरकैदेत होता. बाप कट्टर सुन्नी, मुलाचा ओढा शिया पंथाकडे, एवढाच त्याचा अपराध. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की पहिल्या इब्राहिम आदिलशहाने मुलाच्या शिक्षकाला ठार करवले आणि मुलाला मिरजेला धाडले; पण तिथला किल्लेदारच आतून शिया निघाला. शहजादा तिथे स्वतः मिंबरावर चढून शिया पद्धतीने अजान देऊ लागला. १५५८ मध्ये बाप वारला, अली तख्तावर आला आणि राज्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजात राजाच्या पंथाप्रमाणे पढले जाणारे प्रवचन, पुन्हा शिया झाला.

पुन्हा म्हणायचे कारण, आदिलशाहीचा संस्थापक युसुफने १५०२ च्या सुमारास शिया खुतबा पढवला होता, त्याचा मुलगा इस्माईलने तो घट्ट केला आणि इब्राहिमने तो मोडून सुन्नी पंथ आणला. सोबत परदेशी सरदारांना नोकरीवरून काढले, हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत लिहवले. माझ्या मते राज्य डळमळले ते दोन पंथ नांदत होते म्हणून नव्हे, तर राजाच्या पंथावर माणसांची चाकरी ठरू लागली म्हणून.

कोणी म्हणेल, त्या काळी दुसरे काही शक्यच नव्हते. १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहाने जर्मन मुलखात राजाचा तोच प्रजेचा पंथ ठरवला. १५५८ मध्येच मेरी जाऊन एलिझाबेथ आली आणि इंग्लंडचे चर्चही फिरले. पण युसुफने शिया खुतबा पढवूनही सुन्नी सरदारांना त्यांच्या जहागिरीत त्यांच्या रीतीने अजान देऊ दिली, असे फिरिश्ताच नोंदवतो. म्हणजे वाट ठाऊक होती. पुढच्यांनी ती सोडली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दरबारात काहीही होवो, गावचा पाटील-कुलकर्णी तोच राहिला, मग रयतेचे काय बिघडले? देशी भाषेतल्या हिशेबाने तर ब्राह्मण कारकुनांचे वजन वाढले, हे खरे. मात्र विजापुरातून काढलेले कित्येक सरदार विजयनगरच्या रामरायाकडे गेले, आणि पुढच्या लढायांचा खर्च याच गावांच्या साऱ्यातून निघाला. कारकुनाचे भले झाले म्हणून कुणब्याचे झाले, असे मला म्हणवत नाही.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. नऊ वर्षांचा पुतण्या गादीवर बसवला गेला आणि थोड्याच वर्षांत, त्याच्या नावाने कारभार हाकणाऱ्यांनी खुतबा परत सुन्नी केला.