ओव्हर

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. एमबीबीएस होऊन आलेले इंटर्न तिथे १२ आठवडे काढत आणि ठरल्या तारखेला सगळे एकदम बदलत. जुनी तुकडी सकाळच्या एसटीने जाई, नवी दहापर्यंत पोचे. कॉलेजच्या कारकुनाला विद्यावेतनाच्या बिलात एकच तारीख लिहावी लागे.

भातलावणीच्या दिवसांत, अशाच एका बदलीच्या पहाटे, दहा वर्षांचा मुलगा पोट धरून आला. अंगावर कुठेच खूण नव्हती. "झोपला कुठं होतास?" रात्रपाळीच्या इंटर्नने विचारलं. "खाली, जमिनीवर." इंटर्नला मण्यारीची शंका आली. मण्यार झोपेत चावते, दुखत नाही, दंश सापडत नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. पण मुलाचे डोळे टक्क उघडे होते आणि मोठे डॉक्टर बाळंतपणात अडकले होते. त्याने केसपेपरवर 'पोटदुखी, लक्ष ठेवणे' एवढंच लिहिलं आणि एसटी गाठली.

नव्या तुकडीतल्या मुलीने पेपर वाचून पोटदुखीचं औषध लिहिलं. सलाईन बदलताना सिस्टर म्हणाल्या, "बाळा, वर बघ." पापण्या उचलेनात. सर्पदंशावरचं प्रतिविष सुरू झालं, पिशवीने श्वास देत १०८ ने मुलाला संगमनेरला नेलं. तो वाचला.

अधीक्षकांनी त्या रात्रपाळीच्या इंटर्नच्या नावे नोटीस काढली. सिस्टर म्हणाल्या, "सर, पुढची पाळी पेशंटची ओव्हर घ्यायला आल्याशिवाय आम्ही वॉर्ड सोडत नाही. या पोरानं ओव्हर द्यायची कुणाला? खाटेला?"

अधीक्षकांना वाचलेलं आठवलं. इंग्लंडमध्ये शिकाऊ डॉक्टर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी एकदम बदलत. त्या दिवशी तातडीने दाखल झालेल्यांतले मृत्यू आदल्या आठवड्यातल्या बुधवारपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त, असं २००९ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या अभ्यासात दिसलं होतं. त्यांनी नोटीस फाडली आणि कॉलेजला लिहिलं: निम्मी मुलं आता बदला, निम्मी पंधरवड्याने, नवी एक दिवस आधी पाठवा.

कारकुनाचा फोन आला. "त्या जादा दिवसाचं विद्यावेतन कुठून काढू?" प्रश्न रास्त होता, हिशोब त्यालाच द्यायचा होता. "त्या दिवसाच्या जेवणाखाणाचं मी बघतो," अधीक्षक म्हणाले, "पण तारखा दोनच राहतील."

ती मुलगी निघाली तेव्हा नवा इंटर्न आदल्या दिवशीच आला होता. प्रत्येक खाटेपाशी थांबून ती त्याला पेपरवर लिहिलेलं सांगत होती, आणि न लिहिलेली शंकाही.