पण लावण्याचा अधिकार

जी वस्तु एकदां मोडली असतां पुन्हां घडवितां येत नाहीं, ती पणास लावण्याचा अधिकार तिच्या धन्यास आहे काय? आणि त्याच पणांत दुसऱ्याचा प्राणही गुंतलेला असेल, तर त्या दुसऱ्यानें आपण होऊन संमति दिली एवढ्यावरून आपली जबाबदारी संपते काय? हे प्रश्न केवळ तर्काच्या करमणुकीसाठीं आम्हीं योजलेले नाहींत. इंग्लंडच्या दक्षिण भागांत चिचेस्टर शहराजवळ गुडवुड म्हणून एक ठिकाण आहे; तेथें दरवर्षीं सप्टेंबर महिन्यांत जुन्या मोटारींच्या शर्यती होतात. त्या शर्यतींचा विचार करूं लागलें कीं हे प्रश्न आपोआप पुढें येऊन उभे राहतात.

गुडवुडचा हा मार्ग म्हणजे मुळांत दुसऱ्या महायुद्धांतील एका विमानतळाच्या कडेनें गेलेला रस्ता. १९४८ सालीं तेथें शर्यती सुरू झाल्या; परंतु गाड्यांचा वेग वाढत गेला, तसा तो मार्ग त्या वेगास धोक्याचा ठरूं लागला आणि १९६६ सालीं शर्यती बंद झाल्या. पुढें १९९८ सालीं त्यांचें पुनरुज्जीवन झालें, तें मात्र त्या काळच्या किंवा त्याहून जुन्या गाड्यांपुरतें. प्रेक्षकही जुन्या धर्तीचा पोषाख करून येतात. इथपर्यंत हें सारें एखाद्या हौशी संमेलनासारखें वाटेल. परंतु शर्यतीचें निशाण पडतांच संमेलनाचा रंग पालटतो, आणि साठ-सत्तर वर्षांच्या गाड्या एकमेकींस खेटून वळणांवर झेंपावूं लागतात.

जिंकणाऱ्यास येथें जगज्जेतेपद मिळत नाहीं. बहुतेकांच्या चरितार्थाचाही हा प्रश्न नसतो. उलट पणास लागणारें द्रव्य मात्र डोळे दिपविणारें असतें. ‘फेरारी २५० जीटीओ’ ही गाडी १९६२ ते १९६४ या काळांत अवघ्या ३६ घडविल्या गेल्या. त्यांतील एक २०१८ सालीं लिलावांत ४ कोटि ८४ लक्ष डॉलरांस विकली गेली. या जातीच्या गाड्याही गुडवुडला धांवल्या आहेत. व्यवहारी माणूस यास वेड म्हणेल. आम्हांस मात्र हा निकाल इतका सोपा वाटत नाहीं.

प्रथम धोका कोणता, तें नीट समजून घेतलें पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर एकट्यानें गाडी पिटाळणें आणि दुसऱ्याच्या चाकाशीं चाक भिडवून ती हांकणें यांत महदंतर आहे. ताशीं १६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ४४ मीटर अंतर तोडते. समोरचें संकट दिसून पाय ब्रेककडे वळेपर्यंत पाव सेकंद गेला असें धरलें, तरी तेवढ्यांत गाडी ११ मीटर पुढें गेलेली असते. आणि झुंजणाऱ्या दोन गाड्यांमधील अंतर तर पुष्कळदां हातभरही नसतें. अर्थात् मागच्या चालकाची सुरक्षितता त्याच्या चपळाईवर अवलंबून नसते. पुढचा कांहीं अवचित करणार नाहीं, या भरंवशावर ती अवलंबून असते. जुन्या ग्रां प्री गाड्यांचीं चाकें उघडीं असतात. अशीं दोन चाकें मागेंपुढें भिडलीं, तर पुढील चाकाची मागील कड वर जात असल्यामुळें मागचें चाक तिच्यावर चढतें आणि सबंध गाडी हवेंत उडूं शकते.

त्यांतून या गाड्या वृद्ध. त्यांचे टायर अरुंद. ड्रम ब्रेक तापले कीं त्यांची पकड सैल पडते. वर्षानुवर्षांच्या कंपांनीं धातूंत पडलेली सूक्ष्म चीर नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. १९५० च्या दशकांत चालकास पट्ट्यानें आसनाशीं बांधून घेण्याची रीत शर्यतींत रुळलेली नव्हती. पेटलेल्या गाडींत अडकून पडण्यापेक्षां बाहेर फेकलें जाणें बरें, असें तेव्हां अनेकांस वाटे.

त्या काळानें या अज्ञानाची किंमत पुरेपूर मोजली आहे. १९५५ सालीं फ्रान्समध्यें ल मान्स येथें एक मर्सिडीज पुढील गाडीच्या मागील भागावर चढून उडाली. तिचे जळते तुकडे गर्दींत घुसले आणि चालकासह ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. १९५७ सालीं इटलींतील मिले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतींत टायर फुटून एक फेरारी रस्त्याकडेच्या लोकांवर गेली. चालक, त्याचा साथी आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखीं पडले. त्या नवांत पांच मुलें होतीं. ती शर्यत त्यानंतर बंदच झाली. हें सर्व इतिहासजमा झालें असेंही नव्हे. २०१४ सालीं सिल्व्हरस्टोनला आणि २०१७ सालीं झांडवोर्टला जुन्या गाड्यांच्याच शर्यतींत झालेल्या अपघातांनीं प्रत्येकीं एका चालकाचा बळी घेतला. गाडी जुनी झाली म्हणून तिच्याखालीं सांपडणारा देह कांहीं अधिक टणक होत नाहीं.

तर मग या गाड्या वस्तुसंग्रहालयांत ठेवून त्यांची धूळ झटकावी हें बरें नव्हे काय? या सूचनेंत शहाणपण आहे; परंतु तीं सर्वस्वीं मान्य करण्यास आमचें मन धजत नाहीं. खुंटीवर टांगलेली वीणा सुरक्षित असते. पण ती वाजत कशी असे, हें तिच्याकडे पाहून कोणास कळणार? जी वस्तु गतीसाठीं घडली, तिचें रूप गतींतच प्रकट होतें. इटलीकरांनीं यांतून एक मधला मार्ग काढला. १९७७ पासून मिले मिल्या पुन्हां भरते, ती मात्र वेगाची शर्यत म्हणून नव्हे. ठराविक अंतर ठराविक वेळांत कांटेकोरपणें तोडण्याची कसोटी म्हणून. गाडीही चालते आणि रस्त्याकडेचें मूलही वांचतें. जेथें मार्ग सार्वजनिक आहे, तेथें याहून अधिक मागण्याचा हक्क कोणासही नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु कुंपण घातलेल्या मार्गावर, जाणत्या चालकांनीं, स्वखुषीनें एकमेकांशीं झुंजावें कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच.

येथें महाभारतांतील द्यूतप्रसंग आठवल्यावांचून राहत नाहीं. धर्मराज आधीं स्वतःस हरला कीं मला, असें द्रौपदीनें सभेस विचारविलें. तिच्या प्रश्नाचा रोख फांशांवर नव्हता. पण लावणाऱ्याच्या अधिकारावर होता. जें आपलें नाहीं, तें पणास लावतां येत नाहीं, हें त्या प्रश्नाचें मर्म. त्या कसोटीस शर्यतीचे पण लावून पाहूं. पहिला पण चालकाच्या स्वतःच्या प्राणाचा. घरीं वाट पाहणाऱ्यांचाही त्यांत वांटा असला, तरी हा पण बव्हंशीं त्याचा स्वतःचा आहे, असें म्हणतां येईल. दुसरा पण गाडीचा. कायद्यानें ती त्याची. परंतु ज्या कारागिरांनीं ती हातांनीं घडविली आणि जे पुढें ती पाहूं इच्छितील, त्यांची ती ठेव आहे. २०२१ सालीं मोनॅको येथील ऐतिहासिक ग्रां प्रींत निकी लौडांची १९७४ सालची फेरारी जाँ अलेसी हांकीत असतां, मागून बसलेल्या धक्क्यानें ती कठड्यावर आदळली. सुदैवानें प्राण वांचले, आणि मोडलेला पत्रा नवा करितां येतो. पण प्रत्येक दुरुस्तीबरोबर मूळ वस्तु थोडी थोडी मागें सरते, हें विसरून चालणार नाहीं.

तिसरा पण शेजारून धांवणाऱ्याच्या प्राणाचा, आणि खरी अडचण येथेंच आहे. त्यानें संमति दिली आहे हें खरें. परंतु ती कशास? शर्यतीच्या अटळ संकटास त्यानें मान दिली. आमच्या अहंकारास नव्हे. अवचित धुरा तुटेल, टायर फुटेल, हें त्यानें गृहीत धरलेलें असतें. मी वळणावर माझी चूक झांकण्यासाठीं त्याच्या अंगावर गाडी घालीन, हें त्यानें कधींही मान्य केलेलें नसतें. संमतीचा कागद सहीनें पुरा होतो; तिचा अर्थ मात्र प्रत्येक वळणावर नव्यानें पाळावा लागतो.

कोणी म्हणेल, प्रत्येकजण असा माघार घेऊं लागला तर शर्यत कसली? परंतु येथें गल्लत होते आहे. ज्यास भिडतांच येत नाहीं, त्याच्या मागें सरण्यास आम्ही संयम म्हणत नाहीं. शेवटच्या वीतभर अंतरापर्यंत झुंजून, तेथून पुढें दुसऱ्याच्या प्राणाची हद्द लागते हें ओळखून जो पाय उचलतो, त्याचेंच कौशल्य पूर्ण. त्याचप्रमाणें अस्सलपणाच्या नांवाखालीं शिरस्त्राण, अग्निरोधक वस्त्रें किंवा डोक्यामागील संरक्षक दांडी यांस नाकें मुरडणें आम्हांस अनुचित वाटतें. पूर्वींच्या चालकांनीं जें अज्ञानानें सोसलें, तें ज्ञान झाल्यावर हौसेनें पत्करणें म्हणजे त्यांचा गौरव नव्हे.

या सर्व विवेचनास एका माणसाच्या आयुष्याचा आधार आहे. स्टर्लिंग मॉस १९६२ सालच्या ईस्टर सोमवारीं याच गुडवुडला लोटस गाडी हांकीत असतां मातीच्या बांधावर आदळले. सुमारें महिनाभर ते बेशुद्ध होते. अपघात कसा झाला, तें त्यांस पुढें कधींच आठवलें नाहीं. अग्रणी चालक म्हणून त्यांची कारकीर्द तेथेंच संपली. तरीही उतारवयांत ते जुन्या गाड्यांच्या शर्यतींकडे वळले. २०११ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, ल मान्स येथें आपल्या जुन्या पोर्श गाडींतून पूर्वचांचणीच्या फेऱ्या करीत असतां त्यांस स्वतःच्याच हांकण्याची भीति वाटली. त्याच दिवशीं त्यांनीं निवृत्ति जाहीर केली. आपण इतर स्पर्धकांच्या वाटेंत येऊं लागलों तर थांबावयाचें, असें त्यांनीं आधींपासूनच ठरविलें होतें.

मृत्यूच्या दारांतून परतलेला माणूस मृत्यूस भ्याला म्हणून थांबला, असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या हातीं दुसऱ्याचा प्राण आतां सुरक्षित राहिला नाहीं, हें त्यानें ओळखलें. पण लावण्याचा अधिकार कोणास, या प्रश्नास आमचें उत्तर एवढेंच आहे: जो तो योग्य वेळीं मागें घेऊं शकतो, त्यास.